सोयरातली दिवाळी

पळसदरीच्या खालच्या आळीत भिवाजीच्या घराला दिवाळी नव्हती. घरात काही कमी होतं म्हणून नव्हे; भात बेताचं पिकायचं, पण पोटापुरतं पिकायचं. दिवाळी नव्हती ती सासऱ्यामुळे, असं भिवाजीची बायको सुंदरा म्हणायची, आणि सासूही ते कधी खोडून काढत नसे. भिवाजीचा बाप नरकचतुर्दशीच्या पहाटे अंगाला तेल लावून घेऊन पाटावर बसला आणि पाटावरच कलंडला. पहिला तांब्या अंगावर पडायच्या आत माणूस गेला. त्या दिवसापासून त्या घरचा सण बंद पडला. सणाच्या दिवशी घरात मयत झालं की तो सण त्या घराला राहत नाही, अशी रीतच आहे. पुन्हा कधीतरी त्याच तिथीला घरात मूल जन्मावं, नाहीतर गोठ्यात गाय व्यावी, तेव्हा तो सुटतो. तोवर कढई चढायची नाही, पणती लागायची नाही आणि अंगाला उटणं लागायचं नाही.

"वर्साचं येवढं दीस पडलं होतं," भिवाजीची आई सोनुबाई दरवर्षी एकदा तरी बोलायची, "या बाबाला नेमका त्योच घावला." असं म्हणून ती डोळ्याला पदर लावायची. नवऱ्यावर तिचा जीव होता आणि रागही तेवढाच होता.

सण बंद म्हणून घर उपाशी राहत होतं असंही नाही. उलट त्या दिवसांत घरात खाणं जास्तच व्हायचं. आळीतल्या प्रत्येक घरातून झाकलेलं ताट यायचं. करंज्या, वडे, गुळातले पोहे. आणणारी बाई उंबऱ्याबाहेरूनच हात पुढे करायची आणि म्हणायची, "घे गं सुंदरा, तुमच्याकडं नाय ना होत." वाक्य मायेचंच असायचं, पण सुंदराला ते झोंबायचं. ताट रिकामं परत करू नये म्हणून ती त्यात मूठभर तांदूळ घालायची. दुसऱ्याच्या करंज्या खाऊन तांदूळ परत करायचे, हे तिला इतकी वर्षं झाली तरी अंगवळणी पडलं नव्हतं.

तरी तेवढं तिनं सोसलं होतं. यंदाचं मात्र सोसवत नव्हतं. तिची एकुलती लेक जयवंता वैशाखात कळंबच्या सहदेवाला दिली होती. लेक गेली ती गेलीच. आषाढात आणायला गेलेल्या भिवाजीला विहिणीनं लावणीचं निमित्त सांगून परत पाठवलं आणि गौरीला नदीच्या पुराचं. आता पहिली दिवाळी. पहिल्या दिवाळीला जावयाला आणि लेकीला बोलवायचं, न्हाऊ घालायचं, दिवाळसण करायचा. विहिणीचा निरोप मात्र दसऱ्यालाच आला होता. बंद सणाच्या घरी माझा पोरगा पहिल्या दिवाळीला पाठवायची नाय, त्याच्या मागून सूनही यायची नाय, काय करायचं ते पुढच्या वर्सी बघू. निरोप आणणाऱ्यानं तो अगदी विहिणीच्या आवाजात सांगितला, त्यामुळे सुंदराला तो दोनदा लागला.

"पुढच्या वर्सी म्हंजे?" ती भिवाजीला म्हणाली. "पुढच्या वर्सी काय तुमचा बा परत येऊन दुसऱ्या दिशी मरणार हाय?"

भिवाजी विळ्याला धार लावत राहिला. तो तसा सरळ माणूस. बायको रागावली की त्याच्या हातून काम जास्त व्हायचं.

आशा होती ती एका गाईवर. बांडी गाभण होती आणि तिचे दिवस दिवाळीच्या तोंडावर भरत होते. वसुबारसेला तिची कास भरून आली, तेव्हा भिवाजी शेतावरून तीनदा घरी येऊन गेला. आळीतली माणसं येता-जाता गोठ्यात डोकावू लागली. कुणी म्हणे चवदसला विणार, कुणी म्हणे अवसेला. भिवाजीचा चुलता आबाजी हा भावकीतला वडीलधारा. रीतभात म्हणजे आपल्याच खिशातली तपकिरीची डबी, असं त्याला वाटायचं. तोही काठी टेकत आला, गाईच्या मागे उभा राहून बघून गेला आणि म्हणाला, "चवदसचा सूर्य उगवल्यापास्नं मावळेपतोर. त्याच्या आदी नाय, मागनं नाय."

बांडीनं आबाजीचं ऐकलं नाही. तेरसेच्या दुपारी, घाटाची गाडी शिट्टी देऊन वर चढत होती तेव्हाच, ती उठबस करायला लागली. भिवाजी गोठ्यात धावला आणि तिच्या मानेवर हात ठेवून विनवायला लागला.

"उद्या गं माझे आये. आजचा दीस थांब. उद्या."

"तिला पंचांग शिकवतोस व्हय?" सोनुबाई मागून ओरडली. "हो बाजूला. तिला कळा येतायत आन् ह्यो बघा."

दिवेलागणीच्या आत कालवड झाली. चांगली धडधाकट, कपाळावर पांढरा टिळा घेऊन आलेली. एरवी गाईला कालवड झाली म्हणून आळीत गूळ वाटला असता. त्या दिवशी भिवाजी गोठ्याच्या दाराशी उकिडवा बसला आणि सुंदरा चुलीपुढे बसून रडली. रडायला तिला लाज वाटली नाही. सोनुबाईनं मात्र तांदळाच्या कण्या शिजवल्या, त्यात गूळ घातला आणि टोपलं बांडीपुढे ठेवलं. गाईनं काय पाप केलंय, ती स्वतःशीच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी. पहाटे आळीत घराघरापुढे पणत्या लागल्या, पाणी तापलं, पोरांचा गलका झाला. भिवाजीच्या अंगणात अंधार होता. उजाडलं तसं घाटाच्या माथ्यावर ढग दिसायला लागले आणि वाऱ्याला ओलावा आला. वरच्या खाचरातलं भात पिकून लोळायला लागलं होतं. त्यावर पाऊस पडला असता तर दाणे चिखलात गेले असते. ज्याला सण नाही त्याला निदान कापणीला दिवस मोकळा, असं म्हणून भिवाजीनं विळे काढले. साऱ्या शिवारात त्या दिवशी त्याच्याच शेतात विळा चालू होता.

मदतीला वरच्या ठाकरवाडीतून लडकू आणि त्याची बायको कोंडी आली होती. दरवर्षी कापणीला हीच दोघं यायची आणि मजुरीचं भात डोक्यावर घेऊन जायची. कोंडीचं पोट चांगलंच पुढे आलं होतं. सुंदरानं तिला सकाळीच म्हटलं होतं, "तू कशाला आलीस गं? बस बांधावर." कोंडी हसली होती. "बसून का प्वार लवकर होतो, बाय? वाकून सुटा होतो." आणि ती कापायला लागली. तिचा हात सुंदरापेक्षा चलाख होता. मूठ पकडायची, विळा ओढायचा, मूठ मागे टाकायची. ती एका लयीत पुढे सरकत होती.

दुपार कलली तसा तो हात अडखळायला लागला. दोन मुठी कापून कोंडी थांबायची, एक हात कमरेवर ठेवायची आणि पुन्हा वाकायची. तिसऱ्यांदा थांबली तेव्हा तिनं विळा खाली ठेवला.

"बाय, मी वाडीवर जाते."

"आता? आन् मधी चढणीला बसलीस तर?"

"चालीन हळूहळू. वाटंत झाला तर झाडाखाली होईल. माझी आय बी तशीच झाली होती."

सुंदरानं तिचा दंड धरला. ही बाई एकटी चढणीवर, ढग भरून आलेले, वाटेत कुणी नाही, हा तिच्या मनातला पहिला विचार. तो चांगला होता. त्याच्या पाठोपाठ दुसरा आला. आज चतुर्दशी आहे, दिवस अजून मावळायचा आहे. हा विचार आला आणि सुंदरानं धरलेला दंड आणखी घट्ट धरला. दोन्ही विचार तिचेच होते आणि कोणता अधिक खरा होता हे तिला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही.

"वाडीवर नाय. माझ्या घरी चल," ती म्हणाली. "लडकू, जा पळत, तुझ्या आईला घिऊन ये खालीच."

लडकू भारा टाकून निघाला. भिवाजीला कापलेलं भात गोळा करून झाकायला सांगून सुंदरा कोंडीला घेऊन बांधाबांधानं घराकडे आली. कळ आली की दोघी थांबायच्या. कोंडी सुंदराच्या खांद्यात नखं रुतवायची, तोंडातून आवाज काढायची नाही. मग पुन्हा चालायच्या. अंगणात आल्यावर कोंडी आपणहून गोठ्याकडे वळली.

सोनुबाई ओटीवर बसून सूप पाखडत होती. ती उठली.

"तिकडं कुठं गं?"

"गोठ्यात पडते, बाय. तुमचा घर कशाला खराब."

"गोठ्यात गाय विते," सोनुबाई म्हणाली. "तू काय गाय हायस?"

सासू-सुनांनी एकदाच एकमेकींकडे बघितलं. दोघींनाही आजची तिथी पाठ होती आणि दोघींनीही तिचं नाव काढलं नाही. सोनुबाईनं सूप बाजूला ठेवलं, कोंडीचा दुसरा हात धरला आणि तिला ओटी ओलांडून, माजघर ओलांडून मागच्या कोंदट खोलीत नेलं. ही घरातली बाळंतिणीची खोली. भिवाजी इथेच जन्मला होता. सुंदराची तीन बाळंतपणं इथेच झाली होती आणि त्यातली एक जयवंता तेवढी जगली होती. या खोलीत ठाकराच्या बाईनं आजवर पाय ठेवला नव्हता. कोंडी उंबऱ्याशी क्षणभर अडखळली. मग कळ आली आणि तिला अडखळायला सवड राहिली नाही.

लडकूची आई येऊन पोचली तेव्हा काम अर्धंअधिक झालं होतं. सुंदरा कोंडीच्या पाठीशी बसून तिला धरून होती आणि सोनुबाई म्हातारपण विसरून गुडघ्यांवर होती. उन्हं मावळतीच्या डोंगराला टेकायच्या आत पोर बाहेर आलं. मुलगा. आधी रडलाच नाही. सोनुबाईनं त्याला पालथा धरून पाठीवर दोन थापट्या दिल्या, तेव्हा तो असा किंचाळला की अंगणातल्या भिवाजीच्या हातून भाऱ्याची दोरी सुटली.

आळीत बातमी पसरायला वेळ लागत नाही. दिवे लागले तसा आबाजी काठी आपटत ओटीपर्यंत आला. मागे भावकीतली दोन-चार माणसं होती.

"वहिनी, ऐकलं ते खरं हाय?"

"काय ऐकलंत?"

"तुमी ठाकराच्या पोरानं सण सोडवणार म्हनं."

"पोर चवदसला झालं. घरात झालं. उजेडी झालं," सोनुबाई म्हणाली. "रीत तुमीच सांगितलीत, भावजी. त्यात पोर कुनाचं ते नव्हतं सांगितलंत."

आबाजीनं चिमूटभर तपकीर ओढली. त्याला उत्तर सापडलं की तो आधी तपकीर ओढत असे.

"बरं. घरात पोर झालं म्हणता. मंग घरात सोयर लागलं, जलमाचं सुतक. धा दीस देवाला दिवा नाय, देवळात पाय नाय. सोयर धरणार काय ठाकराच्या पोराचं? धरलं नाय, तर पोर तुमच्या घरातलं नाय आन् सण बी बंदच. धरलं, तर आमी भावकी. आमाला बी लागलं. उद्या लक्षुमीपूजन, आन् आमचं देव काय सोवळ्याबाहेर ठेवायचं?"

मागची माणसं हुंकारली. मुद्दा बिनतोड होता. सुंदरा दाराआड उभी होती. हातातोंडाशी आलेला घास म्हाताऱ्यानं काढून घेतला असं तिला वाटलं. भिवाजी खाली बघत दोरीचा पीळ उलगडत राहिला.

सोनुबाईनं पदर कमरेला खोचला. मग ती ओटीच्या कडेला आली.

"भावजी, माझा मालक ज्या चवदसला गेला, त्यापास्नं तुमची दिवाळी बंद पडली का?"

"आमची कशाला पडंल? सुतक फिटलं, झालं. सण ज्या घरात मयत झाली त्या घराचा."

"त्या घराचा. येकल्या माझ्या घराचा. मरण माझ्या येकल्या उंबऱ्याला चिकटलं, तवा येक बी भाव म्हणाला नाय का आमी बी संगट करंजी खायाची नाय. आता जलम झालाय, त्यो बी माझ्या येकल्या उंबऱ्याला लागूं द्या. तुमी तुमची लक्षुमी पुजा. सोयर माझ्या घरात मी धरते."

"धरता?" आबाजीचा आवाज उतरला. "धा दीस?"

"पुरतं धा दीस. देवाला दिवा नाय लावणार. देव थांबंल, त्याला कुठं जायचंय? जावई नाय थांबायचा. आन् सोयरात मानसाला जेवाय घालू नये असं कुठं असंल तर सांगा."

असं कुठे नव्हतं. आबाजीनं डबी उघडली, मिटली आणि काठी उचलली. पायरीपाशी थांबून तो म्हणाला, "पोर कसं हाय?"

"चांगलं हाय."

"हां," म्हणून तो गेला. हरलेला माणूस पोराची चौकशी करून जातो तो वाईट नसतो, एवढं आबाजीच्या बाबतीत म्हणायला हवं.

भावकी पांगली, पण लडकू अंगणात तसाच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं होतं. तो जवळ आला.

"बाय, पोरगा माझाच ना?"

"तुझाच रं. आनखी कुनाचा?"

"मंग तुमी त्याचा सोयर कशाला धरता?"

सोनुबाईनं त्याला सगळं सांगितलं. बंद पडलेला सण, गाय, लेक, विहीण. काही लपवलं नाही. लडकू ऐकत राहिला.

"म्हंजे तुमाला माझ्या पोराचा काम होता," तो म्हणाला.

दाराआड सुंदराची मान खाली गेली. शेतातला तो घट्ट धरलेला दंड तिला आठवला आणि तिला स्वतःची लाज वाटली.

"व्हय," सोनुबाई म्हणाली. "होतं."

"झाला ना काम? मंग बेस. पन येक सांगतो. उद्या म्होटा झाला का, 'आमच्या घरात जलमला' म्हणून त्याला गुरामागं ठेवू नगा. तसा लई जनांचा झालाय."

"नाय ठेवणार."

"भिवाजीदादा?"

"नाय रं बाबा," भिवाजी म्हणाला. त्या संध्याकाळचं त्याचं तेवढंच बोलणं.

दुसऱ्या दिवशी भिवाजी गाडी जुंपून कळंबला गेला. वाटभर तो काय बोलायचं ते जुळवत होता, आणि विहीण समोर आल्यावर सगळं विसरला.

"सण सुटला," तो एवढंच म्हणाला. "घरात पोर झालं."

"विहीणबाईस्नी?" विहिणीनं कपाळाला हात लावला. "अन् आमाला कळवलं बी नाय?"

आत जयवंता घागर घेऊन उभी होती, तिच्या हातून पाणी सांडलं. भिवाजी घाईघाईनं नाही नाही म्हणाला आणि जे झालं ते अथपासून इतिपर्यंत सांगून बसला. त्याला खोटं बोलता येत नसे. खरं बोलतानाही घाम फुटायचा. विहीण ऐकत राहिली. ठाकर म्हटल्यावर तिच्या भुवया चढल्या, बाळंतिणीची खोली म्हटल्यावर आणखी चढल्या. मग तिनं एकच विचारलं.

"सोयर धरलंय?"

"धरलंय."

"खरोखरीचं? देवाचा दिवा बंद?"

"कालच्यापास्नं."

विहिणीच्या भुवया खाली आल्या. बाई तिखट होती, पण रीत रीतीप्रमाणे झाली की तिची तक्रार संपायची.

"मंग झालं तर," ती म्हणाली. "जयवंते, लुगडं बदल. सहदेवाला शेतावरनं हाक मार."

पाडव्याला घरात कढई चढली. सुंदरा तळणीपुढे बसली आणि पहिली करंजी तेलात फुटली. "इतक्या वर्सांनी कसं जमंल?" ती म्हणाली आणि हसली. जावयाला पाटावर बसवून उटणं लावलं, तेव्हा सोनुबाई त्या पाटापाशी आली नाही, लांब चुलीपाशीच बसून राहिली. जावई न्हाऊन सुखरूप उठला तेव्हा तिनं श्वास सोडला. मग आळीतल्या प्रत्येक घरी ताट गेलं. सुंदरा स्वतः घेऊन गेली. "घ्या," एवढंच ती म्हणायची, पुढचं काही बोलायची नाही. तिचा चेहराच इतका फुलला होता की बोलायची गरज नव्हती. देव्हाऱ्यापुढे मात्र अंधार होता आणि सोनुबाई तिकडे कुणाला फिरकू देत नव्हती.

जयवंता घरभर फिरत होती. इथे राहून ती लहानाची मोठी झाली होती, पण या घरातली दिवाळी तिनं पाहिली नव्हती. भाऊबीजेच्या सकाळी ती आजीपाशी येऊन बसली.

"आजी, कोंडीचं पोर कुठं हाय?"

"वाडीवर गेली की ती. तू यायच्या आदीच चालत गेली, ऐकतीया कुठं."

"आपन त्याचं सोयर धरलंय?"

"धरलंय तर."

"मंग त्यो माझा भाव नाय का?"

सुंदरा भांडी घासत होती, तिचा हात थांबला. हे तिच्या मनात आलंच नव्हतं. सण सुटला, लेक आली, जावई जेवला. त्या पोराचं काम तिच्या हिशेबी तिथे संपलं होतं. तिनं सासूकडे बघितलं. भावकीपुढे एवढं बोलणारी सोनुबाईही जरा गडबडली. देवाला दिवा नाही, आणि वाडीवर ओवाळायला निरांजन न्यायचं?

"सोयर त्याचंच हाय, त्याला कशाचं लागतंय?" ती शेवटी म्हणाली. "जा. तुझ्या आईला बी ने."

जयवंतानं ताट भरलं. मायलेकी चढण चढून वाडीवर गेल्या तेव्हा ऊन तापलं होतं. कोंडी कुडाच्या खोपीत पोराला पाजत होती. तिला काही समजेना. जयवंतानं सारवलेल्या जमिनीवर बसकण मारली, ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "धर त्याला मांडीवर." कोंडीनं लडकूकडे बघितलं. लडकूनं मान हलवली. जयवंतानं पोराच्या इवल्या कपाळावर कुंकवाचं बोट टेकवलं, ज्योत पेटवली आणि ओवाळलं. पोरगं ज्योतीकडे टक लावून बघत राहिलं. ओवाळून झाल्यावर भावानं ताटात काही घालायचं असतं, हे लडकूला ठाऊक होतं. तो आत जाऊन नाचणीची दोन कणसं घेऊन आला आणि पोराच्या मुठीला लावून ती ताटात ठेवली.

मग तो सुंदराकडे वळला. जयवंताशी नव्हे, तिच्याशीच बोलला.

"बाय, ह्यो यंदापुरता का?"

सुंदराला खाली बघावंसं वाटलं, पण तिनं बघितलं नाही. तिनं वाकून पोराला उचललं. चतुर्दशीला पोर झाल्यापासून तिनं त्याला हातात घेतलंच नव्हतं.

"येका सालाचा कधी भाव असतो व्हय रं?" ती म्हणाली, आणि पोर जयवंताच्या मांडीवर दिलं.